तीन दाखले आणि एक मुलगी

माझ्या दोघा नातवंडांनो,

परवा तुमच्या आईने फोटो पाठवला. थोरली पुठ्ठ्याची पाटी हातात धरून कुठल्याशा सरकारी इमारतीपुढे उभी आहे आणि धाकटा तिच्या मागे टोपी डोळ्यांवर ओढून. तुमची शाळा पैसा सरकारचा घेते, पण सरकार ती स्वतः चालवत नाही. करारावर चालवायला दिलेली असते. अशा शाळांसाठी तिकडे तुमच्या राज्यात नवा कायदा होतो आहे आणि तुमच्या शाळेचा करार पुढे चालू राहील की नाही हे त्यावर ठरणार आहे, असं आईने सांगितलं. मग थोरलीने फोन घेतला आणि विचारलं, "आजी, तुझी शाळा पण बंद झाली होती ना? का झाली?"

मी म्हटलं, "तपासणीत नापास झाली."

एवढंच उत्तर मी इतकी वर्षं सगळ्यांना देत आले. ते खोटं नाही, पण पुरं नाही. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी, अजून ओळी सरळ येतात तोवर, राहिलेलं लिहून ठेवते. आई वाचून दाखवेल. कुठे अडलं तर तिला थांबवून विचारा.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी पनवेलच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. त्या सुमारास खाजगी संस्थांना नव्या शाळा काढायला परवानगी मिळत होती, पण विनाअनुदान. म्हणजे सरकार मान्यता देणार, अभ्यासक्रम देणार, तपासणी करणार. पगार, इमारत, खडू संस्थेने बघायचे. मान्यता एकदम कायमची नाही. दरवर्षी तपासणी, आणि पट व हजेरी समाधानकारक दिसली तर पुढच्या वर्षाची मान्यता. पुढे कधीतरी अनुदान मिळेल, अशी आशा दाखवलेली होती.

मला ती कल्पना फार आवडली, हे कबूल करते. सरकारी शाळांची ढिलाई मी पाहिलेली होती. वाटायचं, नियम स्पष्ट असावेत, काम करणाऱ्याला मोकळीक असावी आणि वर्षाखेरीस हिशोब द्यावा. जो चोख काम करेल तो टिकेल.

शिरढोणच्या पुढे, हमरस्ता सोडून डोंगराच्या बाजूला आत गेलं की एक गाव होतं. तिथे चौथीपर्यंतच शाळा होती. गावातले एक शेठ संस्थेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या भाताच्या गिरणीचं गोदाम रिकामं होतं, त्यात पाचवी ते सातवीचे वर्ग सुरू झाले. मी हायस्कूल सोडून तिथे मुख्याध्यापिका झाले. तुमचे आजोबा म्हणाले, "पेन्शन सोडून गोदामात चाललीस." मी गेले.

गावातली मुलं थोडी. बरीचशी मुलं डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कातकरी वाडीवरून यायची. त्यांच्या घरी जमीन नव्हती. पावसाळ्यात लोकांच्या भातशेतीवर मजुरी आणि दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर. आपट्याकडे, पाताळगंगेच्या काठाने तेव्हा भट्ट्या होत्या. पाऊस तोंडावर आला की माणसं परत वाडीवर. मुलंही अर्थात सोबत. लहानगी पोरं ओल्या विटा उन्हात वाळायला उलटून ठेवतात, हे काम मोठ्या माणसांपेक्षा त्यांना चांगलं जमतं. वाकायला लागत नाही ना.

पहिल्याच दिवाळीनंतर माझे निम्मे वर्ग रिकामे झाले. आमचे शिपाई, ज्यांना सगळी शाळा मामा म्हणायची, ते जवळच्याच आगरी गावातले. खडूची पेटी पुसत म्हणाले, "दर सालचं हाय बाई. जूनला येतील परत. तुमी नुसती हजेरीची ओळ मोकळी ठेवा."

"किती दिवस मोकळी ठेवू? महिनाभर गैरहजर राहिलं की नाव कमी करायचं असतं."

"कमी करून परत घालायचंच ना? मंग कशाला काढता? गेलंच नाय असं समजायचं."

"असं समजायचं म्हणजे खोटं लिहायचं, मामा."

मामा हसले. "शिकल्याली माणसं लय खरी असतात," एवढंच म्हणाले आणि घंटा द्यायला गेले.

मी काय केलं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मी वाडीवर गेले आणि निघायच्या तयारीत असलेल्या प्रत्येक घराला मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला दिला. हा दाखला दाखवला की भट्टीजवळच्या शाळेत मूल बसू शकतं. मुलाचं वर्ष वाया जाऊ नये, हा माझा हेतू. दाखला दिला की इकडचं नाव नियमाने कमी होतं. जूनमध्ये मूल परत आलं की त्याला नवीन प्रवेश, जनरल रजिस्टरमध्ये नवीन ओळ आणि नवीन नंबर. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेची मुख्य वही. मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख त्यात एकदा लिहिली की ती जन्मभर त्याला चिकटते. त्यात मी खाडाखोड कधी केली नाही. जूनमध्ये मुलासोबत जो पालक येईल, तो जे सांगेल, ते लिहून घ्यायचं आणि त्याचा अंगठा घ्यायचा. मला ते सगळं अगदी चोख वाटत होतं.

भट्टीजवळच्या कुठल्याही शाळेत एकही मूल गेलं नाही. मी ते कधी जाऊन पाहिलंही नाही.

त्या वाडीवरची एक मुलगी पाचवीपासून माझ्याकडे होती. तिचं नाव लिहीत नाही. बारीक, काटक, तिसऱ्या बाकावर खिडकीकडेला बसायची. गणितात साधारण, पण वाचन असं की मी थांब म्हणेपर्यंत थांबायची नाही. मराठीचं पुस्तक पहिल्या महिन्यात संपवून मामांच्या डब्याखालचा वर्तमानपत्राचा कागद वाचायची. मामा म्हणायचे, "अगं, माझी भाकर तरी खाऊ दे, मंग वाच." ती म्हणायची, "तुमी खा ना, मी कडेकडेचं वाचते."

पाचवीत आणि सहावीत ती दिवाळीनंतर भट्टीवर गेली आणि जूनमध्ये परत आली. दोन्ही वेळा माझा दाखला घेऊन गेली. दोन्ही वर्षी वार्षिक परीक्षा तिने दिलीच नव्हती, पण दर जूनमध्ये मी तिची वेगळी परीक्षा घेतली आणि तिला वर घातलं. तेही नियमात बसवून.

सातवीच्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी तिच्या घरी गेले. पनवेलला आदिवासी मुलींचं सरकारी वसतिगृह होतं. सातवी पास असेल तर आठवीला तिथे जागा मिळत होती. राहायला, जेवायला तिथेच. म्हणजे परत भट्टीवर जायचं कारण नाही. मी हे सांगत होते आणि तिचा बाप काडीने जमीन उकरत होता. आई म्हणाली, "पास व्हायाला हितं ऱ्हावं लागंल नव्हं?"

"हो. परीक्षेपर्यंत. सातवीची परीक्षा मला जूनमध्ये वेगळी घेता येत नाही."

"मंग हिच्या वाटच्या विटा कोण उलटंल?" बाप म्हणाला. रागाने नाही. खरंच विचारत होता.

मग आई म्हणाली, "मी उलटीन. एक साल उलटीन मी." आणि मुलीकडे बघून, "म्हातारीला भाकर करून घालशील ना दोन टायमाला? का नुसती वाचत बसशील?"

"वाचत वाचत करीन," मुलगी म्हणाली.

बाप हसला. असं ठरलं. दिवाळीनंतर वाडी रिकामी झाली आणि ही मुलगी आजीसोबत मागे राहिली. वाडीवरून चालत रोज शाळेत यायची. परीक्षेला चार-साडेचार महिने होते.

आधीच्या तपासण्या पावसाळ्यात, वर्ग भरलेले असताना झाल्या होत्या; या वर्षी तपासणीचं पत्र आलं ते जानेवारीतल्या तारखेचं. मी अध्यक्षांना म्हटलं, पावसाळ्यात या म्हणून कळवूया. ते म्हणाले, "बाई, साहेबांना मुहूर्त आपण सांगायचा नसतो." मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "माझ्या पुतण्याची शाळा आहे पलीकडे. तपासणीच्या दिवशी टेम्पो भरून पोरं आणतो. दुपारी परत. त्याच्या तपासणीला आपली पोरं जातील. सगळेच करतात."

"माझ्या शाळेत असं होणार नाही."

"तुमची शाळा?" ते म्हणाले. "गोदाम माझं आहे हो." पण आग्रह केला नाही. आज वाटतं, त्यांना शाळेचं फारसं राहिलंच नव्हतं. तोवर त्या बाजूला जमिनी बघायला मोटारी यायला लागल्या होत्या.

तपासणी अधिकारी आले, त्या दिवशी तिन्ही वर्गांत मिळून अकरा मुलं होती. माणूस वाईट नव्हता. धुळीने भरलेल्या जीपमधून उतरला, पाणी मागितलं, मुलांना बसा म्हणाला. जन्मतारखांवरून बोट फिरवत गेला. जवळजवळ सगळ्या एक जून. तारीख माहीत नसली की आमच्याकडे मास्तर एक जून लिहितात, म्हणजे मूल शाळेच्या वर्षात बरोबर बसतं. मला वाटलं, आता हे विचारतील. ते म्हणाले, "माझी पण एक जूनच आहे, बाई. आमच्या मास्तरांनी अख्खा गाव एका दिवसात जन्माला घातला." आम्ही दोघं हसलो. मला हायसं वाटलं.

मग त्यांनी मागची पानं उलटली, परत पुढची, परत मागची. चष्मा काढून पुसला.

"हे नाव इथे आहे. इथेही आहे. इथे परत. तीन प्रवेश?"

मी सगळं समजावलं. भट्टी, दाखले, नाव कमी करणं, नवीन ओळ. प्रत्येक दाखल्याची कार्बन प्रत दाखवली. सगळं क्रमाने लावलेलं होतं.

"तिन्ही ठिकाणी बापाचं नाव एक नाही."

पाहिलं तर खरंच नव्हतं. पहिल्या जूनला तिला बाप घेऊन आला होता. दुसऱ्या वेळी मामा, म्हणजे आईचा भाऊ, आला. मी विचारलं पालकाचं नाव, त्याने स्वतःचं सांगितलं. तिसऱ्या वेळी चुलता. जन्मसालही तिन्ही वेळा वेगळं, कारण मी दर वेळी विचारलं, किती वर्षांची, आणि ज्याला जेवढी वाटली तेवढी त्याने सांगितली. मी ऐकलं ते लिहिलं. अंगठे तिन्ही खरे होते. आणि ती एकटीच नव्हती. वाडीवरच्या प्रत्येक मुलाच्या दोन-दोन, तीन-तीन ओळी होत्या.

साहेबांचा आवाज तेव्हा थंड झाला. "बाई, बोगस पटच दाखवायचा होता तर निदान नावं तरी नवी घालायची."

"मुलगी वर्गात आहे. तिलाच विचारा," मी म्हटलं.

तिला बोलावलं. साहेबांनी रजिस्टर तिच्यापुढे धरलं. "वाचता येतं? यातली तू कोणती?"

तिने तिन्ही पानं वाचली, सावकाश, ओठ हलवत. "तिन्ही मीच हाय," म्हणाली.

मागची मुलं हसली. तीही हसली. तिला वाटलं, आपण बरोबर उत्तर दिलं. साहेबांनी लाल पेनने तिन्ही नावांभोवती गोल केला आणि पुढच्या नावाकडे वळले. शेवटी रजिस्टर कागदात बांधून जीपमध्ये ठेवलं. "चौकशीसाठी नेतो," म्हणाले. मामांनी मला पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक ओळ चालू ठिवली असती तर."

पाच-सहा आठवड्यांनी आदेश आला. पट बनावट आढळल्याने मान्यता रद्द. विद्यार्थ्यांचं जवळच्या मान्यताप्राप्त शाळेत समायोजन करावं. अध्यक्षांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "बाई, बाकं कधी हलवताय?" गोदाम त्या उन्हाळ्यात विकलं गेलं.

गावातल्या मुलांची सोय त्यांच्या आईबापांनी कुठे ना कुठे केली. वाडीवरची बाकीची मुलं भट्टीवरच होती. त्यांना शाळा बंद झाल्याचं जूनपर्यंत कळणारही नव्हतं. राहिली ही एक. परीक्षेला महिना-सव्वा महिना होता. मी तिला एसटीने पनवेलला घेऊन गेले, माझ्या जुन्या हायस्कुलात. तिथले मुख्याध्यापक पूर्वी माझ्याबरोबर शिकवायचे. त्यांनी चहा मागवला. मुलीला एक उतारा वाचायला दिला. तिने वाचला.

"वाचते छान," ते म्हणाले. "मागचा दाखला द्या, सातवीत बसवतो. परीक्षा इथे देईल."

नवा दाखला मी देऊ शकत नव्हते. शाळेची मान्यता गेली होती, रजिस्टर सरकारात होतं. दोन जुने तिच्याजवळ होते. तिची आई दरवर्षी भट्टीवर नेऊन तसेच परत आणायची. तिसरा मी तपासणीनंतर, आदेश यायच्या आधीच, घाबरून, काहीतरी हातात असावं म्हणून तिला लिहून दिला होता. तिने तिन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. सरांनी ते शेजारी शेजारी मांडले. अक्षर तिन्हींवर माझंच, सुवाच्य.

"ही यातली नेमकी कोणती?" सरांनी विचारलं.

मी सांगायला लागले, पण त्यांनी हात वर केला. "मला तुमच्याबद्दल शंका नाही. पण उद्या माझी तपासणी आहे. तिला वसतिगृहात घालायचं तर हाच कागद पुढे जाणार. तीन बाप, तीन जन्मसालं. मी सही कशावर करू?"

बाहेर आलो. एसटी स्टँडवर ती बराच वेळ दाखले बघत होती. म्हणाली, "बाई, यातला खरा कुठला ठेवू?"

मी म्हटलं, "सगळेच ठेव."

नंतर मी जिल्ह्याच्या ऑफिसात दोनदा जाऊन आले. तिला परीक्षेला बसू द्यावं म्हणून अर्ज टाइप करून दिले, पोच घेतली. त्यांचं उत्तर आलं ते परीक्षा होऊन गेल्यावर.

ते उत्तर आलं त्याच आठवड्यात तिची आई भट्टीवरून आली. कुणाकडून तरी तिला कळलं होतं. हातांना विटांच्या मातीची पांढरट साल धरलेली होती. मी गोदामाच्या पायरीवर बाकांची यादी करत बसले होते. ती समोर उभी राहिली. मला वाटलं, भांडेल. मी भांडणाची तयारीही केली होती.

ती म्हणाली, "बाई, तुमी कागद दिला, आमी जपला. दर साली. भिजू दिला नाय. आमचं कुठं चुकलं ते सांगा."

मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही."

"मंग ती हितं ऱ्हाऊन काय करंल? चल गं," म्हणाली. मुलगी मागे होतीच, गाठोडं घेऊन. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, वर्गातून बाहेर जायला परवानगी मागताना हलवायची तशी, आणि दोघी हमरस्त्याकडे गेल्या. भट्टीचा हंगाम संपायला अजून दीड महिना होता.

त्यानंतर मी शाळेत शिकवलं नाही. घरी शिकवण्या घेतल्या, हे तुमच्या आईला माहीत आहे. तिच्या सगळ्या मैत्रिणी आमच्याकडे यायच्या. त्या सगळ्यांचे कागद बरोबर होते.

काही वर्षांनी, नव्वदीच्या अखेरीस, मी रोडपालीला एका ओळखीच्यांचं नवं घर बघायला गेले होते. तिथे तेव्हा सगळीकडे इमारती उठत होत्या. खालच्या मजल्यावर बायका घमेली वाहत होत्या. एकीने घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाई."

मी ओळखलं नाही. मग तिने सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवरचं छापलेलं वाचून दाखवलं, सुरुवातीपासून, न थांबता. तेव्हा ओळखलं. तिच्या आईबद्दल विचारलं. भट्टीवरच दम लागून गेली, असं कळलं. कडेला वाळूच्या ढिगाऱ्यावर चार-पाच वर्षांची एक मुलगी बसली होती. तिची.

"शाळेत घालणार ना हिला?" मी विचारलं. विचारायचा हक्क मला होता असं नाही.

"घालीन. पण नाव काढायचं नाय, असं मास्तरांना आधीच सांगीन. आमी कुठं बी गेलो तरी." मग माझ्याकडे बघून जरा हसली. "तुमी लय नीट लिवायच्या, बाई."

मी दाखल्यांबद्दल विचारलं. ती म्हणाली, "दोन पावसात गेलं. एक हाय."

कुठला, ते मी विचारलं नाही. मुकादमाने हाक मारली आणि तिने घमेलं उचललं. त्यानंतर ती मला भेटली नाही. तिची मुलगी शाळेत गेली का, ते मला माहीत नाही. त्या बाजूच्या शाळांत मी विचारलं होतं, पण ज्या नावाने विचारायचं ते माझ्याजवळ नव्हतं.

थोरले, तुझी शाळा राहील की नाही हे मला इथून सांगता येणार नाही. तुमचा कायदा मी आईकडून मागवून वाचला. नीट लिहिलेला आहे. आमचाही होता. तुम्हाला वेळ मिळाला तर एवढं बघा, की तुमच्या शाळेत कोणाचं नाव वर्षाच्या मधेच कमी होतं का आणि ती मुलं तेव्हा कुठे असतात.

चौकशी संपल्यावर ते रजिस्टर पोस्टाने माझ्या पत्त्यावर परत आलं, कारण शाळेचा पत्ता उरला नव्हता. ते माझ्या लोखंडी कपाटात खालच्या खणात आहे. कडेला वाळवी लागली होती, ती मी झाडली. तिच्या तिन्ही ओळी लाल गोलांसकट वाचता येतात.